चौदावा दिवस

(जबलपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



स्मृतिव्याख्यानाची एक चाकोरी ठरलेली असते. दिवंगत व्यक्तीच्या तसबिरीला हार घालायचा, दोन मिनिटं गुणवर्णन करायचं आणि मग वक्त्यानं देशाची अर्थव्यवस्था, ज्ञानेश्वरीतला भक्तियोग किंवा हवामानबदल यांपैकी एखाद्या विषयावर तासभर बोलायचं. ज्यांच्या जाण्यामुळे आपण इथे जमतो, त्या जाण्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. यंदा संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा मी म्हटलं, मग तोच विषय घेऊ या. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, त्यांना आधार कशाचा वाटतो आणि तो द्यायला आपल्याला जमतं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा तास तुम्हाला ते तपासून पाहता येईल. आपल्या समाजानं पहिल्या तेरा दिवसांची व्यवस्था फार जाणतेपणानं लावून ठेवली आहे. चौदाव्या दिवसाची लावलेली नाही. आणि मागे राहिलेल्या माणसाचं खरं कठीण काम सुरू होतं ते चौदाव्या दिवशी.

आधी त्या तेरा दिवसांकडे नीट पाहू. घरात माणूस गेला की त्या दिवशी चूल पेटत नाही. स्मशानातून मंडळी परतायच्या आत शेजारून पिठलं-भाताची पातेली येतात. पिठलंच का, तर बेसन कोणत्याही घरात असतं, पंधरा मिनिटांत होतं, आणि त्या दिवशी चवीढवीचं काही नको असलं तरी गरम, मऊ, घशाखाली उतरेल असं काहीतरी पोटात जावं लागतं. ‘पाठवू का?’ असं कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर उत्तर ‘नको’ असंच आलं असतं. मग दहा दिवस सुतक. त्यातला शिवाशिवीचा भाग टाकून देण्याच्याच लायकीचा आहे. पण सुतकाची दुसरी बाजू अशी, की त्या घराला दहा दिवस रजा मिळते. सणवार नाही, कोणाच्या लग्नामुंजीला हसऱ्या चेहऱ्यानं हजेरी नाही. कोपऱ्यात दिवा तेवत असतो, त्यात तेल घालायचं असतं आणि संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन बसतं.

दहाव्या दिवशी ग्वारीघाटावर काय होतं, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. पिंड ठेवलेले असतात आणि कावळा शिवत नाही. मग कुजबुज सुरू होते. ‘धाकटीच्या लग्नाची काळजी होती हो त्यांना.’ ‘नागपूरच्या घराचं मनात राहिलं असेल.’ शेवटी कोणीतरी पुढे होऊन मोठ्यानं म्हणतं, ‘तिचं सगळं आम्ही बघू, काळजी करू नका.’ कावळा खरंच इच्छा ओळखतो का, या वादात मला पडायचं नाही. पण त्या निमित्तानं गेलेल्या माणसाच्या अपुऱ्या गोष्टी चारचौघांत बोलल्या जातात आणि त्यांतली एखादी कोणीतरी आपल्या अंगावर घेतं. एवढं काम एका कावळ्यानं केलं तर पुष्कळ झालं.

आपल्या हिंदी शेजाऱ्यांकडे तिसऱ्या दिवशी उठावना होतो आणि मग तेरहवीं. बौद्ध मराठी घरांत पुण्यानुमोदन असतं. मुसलमान घरांत तीजा आणि चाळिसावा असतो. रीत निराळी, हिशेब एकच: त्या घराला सुरुवातीचे दिवस एकटं सोडायचं नाही आणि हाताला काहीतरी काम द्यायचं.

या व्यवस्थेची किंमत आपल्याला कळली ती करोनात. 2020च्या टाळेबंदीत अस्थी विसर्जनासाठी खोळंबून राहिल्या. 2021च्या एप्रिल-मे महिन्यांत तर माणसं रुग्णालयातून परस्पर स्मशानात गेली. शेवटचं पाणी तोंडात घालता आलं नाही, चेहरा नीट दिसला नाही, चारजण खांदा द्यायला आले नाहीत, पिठल्याचं पातेलंही दाराशी ठेवून शेजारी लांब उभे राहिले. त्या दिवसांत ज्यांनी माणूस गमावला त्यांच्याशी आज बोललं, तरी गेल्याच्या दुःखाइतकंच ‘काही करता आलं नाही’ हे दुःख वर येतं. ज्या रूढींना आपण कर्मकांड म्हणून हसत होतो, त्यांतल्या काहींचा उपयोग त्या बंद पडल्यावर समजला.

रडू देणं हाही या व्यवस्थेचाच भाग. इथे मी एका जुन्या शेजाऱ्याची साक्ष काढते. संस्कृत नाटककार भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. ते म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पद्मपूर, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या जुन्या छोट्या रेल्वेलाईननं गोंदियाला उतरलं की जवळचाच म्हणायचा. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा तिसरा अंक पाहा. सीतात्यागाला बारा वर्षं झाली आहेत. अयोध्येत रामाला रडायची सोय नव्हती, कारण तो राजा; प्रजेनंच तर सीतेला घालवायला लावलं. बारा वर्षांनी तो पंचवटीत येतो, ओळखीची झाडं बघतो आणि कोसळतो. सीता अदृश्य रूपात शेजारीच उभी आहे, त्याचं कोसळणं बघून ती कासावीस होते. तेव्हा तिच्यासोबत असलेली तमसा सांगते की तळं काठोकाठ भरलं की पाण्याला बाहेर वाट काढून द्यावी लागते, तसं शोकानं भरलेलं मन रडण्या-बोलण्यानंच तगतं. हे सांगणारी तमसा स्वतः नदी आहे, हे विसरू नका. बरगी धरणाचे दरवाजे उघडले की तिलवाऱ्यापर्यंतचं पाणी कसं चढतं, हे तुम्ही दर पावसाळ्यात बघता. ते दरवाजे धरण फुटू नये म्हणूनच उघडतात.

भवभूतीनं आणखी एक गोष्ट हेरली. बारा वर्षांनीही रामाचं दुःख जिथल्या तिथे होतं, कारण पहिल्या दिवसांत त्याला कोणी मोकळं होऊ दिलं नव्हतं. आपल्याकडे आजही घरातल्या थोरल्या मुलाला हेच सांगतात: ‘तू खंबीर राहा, तूच असं केलंस तर आईनं कोणाकडे बघायचं?’ अठरा वर्षांच्या पोराला आपण एका वाक्यात अयोध्येचा राजा करून टाकतो.

आता चौदाव्या दिवसाकडे येऊ. त्यासाठी आपल्याच गावच्या माणसाची गोष्ट सांगते. हिंदी व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई नेपियर टाऊनमध्ये राहत. अर्धं जबलपूर त्यांच्या लेखणीला भिऊन होतं. त्यांनी ‘गर्दिश के दिन’ या आत्मकथनात आपल्या आईच्या मृत्यूविषयी लिहिलं आहे. 1936-37चा सुमार. परसाई आठवीच्या आसपास शिकत होते. तेव्हा ते राहत त्या गावात प्लेग आला आणि लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायला गेले. यांना जाता येईना, कारण आई अंथरुणाला खिळलेली. ओस पडलेल्या वस्तीत एकच घर जागं. रात्री मरणाच्या दारातल्या आईसमोर सगळी आरती म्हणत, म्हणता म्हणता वडील हुंदके देऊ लागत, आई मुलांना पोटाशी धरून रडे. अशाच एका रात्री ती गेली. पाच भावंडांत मृत्यू म्हणजे काय, हे कळण्याचं वय एकट्या परसाईंचं होतं.

पण मला त्या गोष्टीत जास्त भिडतो तो त्यापुढचा भाग. वडील आणखी पाचसहा वर्षं जगले, पण आजारी, हताश, हातपाय गळालेले. धंदा बसला. शिल्लक खाऊन घर चालू लागलं. कळत्या वयाच्या थोरल्या मुलाला ध्यानात आलं की आता आपल्यालाच उभं राहावं लागणार. पुढे परसाईंनी लग्न केलं नाही आणि विधवा बहिणीचा संसार आपला मानून सांभाळला. आजारानं नेलं एका बाईला. घर खचलं ते नंतरच्या वर्षांत, हळूहळू. अशा घरात त्या वर्षांत कोण जातं? तेराव्यानंतर आपण ‘आता सावरले असतील’ असं धरून चालतो. त्या धरून चालण्यात किती घरं बुडतात, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

जगभरच्या अभ्यासकांनी या ‘नंतर’कडे गेल्या तीसचाळीस वर्षांत बारकाईनं पाहिलं आहे. आधी एक गैरसमज काढून टाकते. शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं तुम्ही ऐकलं असेल: नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 साली ही मांडणी केली ती मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. पुढे लोकांनी ती मागे राहिलेल्यांना लावली, आणि मग ‘तू अजून रागाच्याच पायरीवर?’ असे प्रश्न सुरू झाले. शोक काही जिन्यानं वर चढत नाही.

नेदरलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये जे मांडलं ते अनुभवाशी जास्त जुळतं. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करत असतो. एक काम गेलेल्याला आठवण्याचं, रडण्याचं, फोटो काढून बसण्याचं. दुसरं काम नव्यानं घडी बसवण्याचं: जे गेलेला माणूस करायचा ते शिकण्याचं, पैशाअडक्याचं, मुलांच्या शाळेचं. सकाळी बँकेत ठामपणे बोलणारी बाई संध्याकाळी खुंटीवरचा सदरा बघून कोसळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी आणायला जाते. यात काही बिघडलेलं नाही. ही ये-जा हीच तब्येत सुधारण्याची रीत आहे. बिघडतं ते ती थांबली की. नुसतंच रडणं राहिलं, किंवा रडायचंच नाही असं ठरवून नुसतीच कामं राहिली, की गाडी अडकते.

दुसरी गोष्ट डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी 1996 मध्ये सांगितली. गेलेल्या माणसाला विसरून पुढे जाणं म्हणजे बरं होणं, अशी पाश्चात्त्य मानसशास्त्राची जुनी समजूत होती. या तिघांनी दाखवलं की बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत. त्या नात्याला नवं रूप देतात. दर वर्षी श्राद्धाला वडिलांच्या आवडीची भाजी आठवणीनं करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवं काय, असं वाटेल. पण शास्त्रानं आपल्या आजीची बाजू घेतली, याची नोंद ठेवायला हरकत नाही.

या दोन्ही गोष्टी एका आयुष्यात पाहायच्या तर रमाबाई रानडे यांच्याकडे बघा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत वारले. रमाबाईंचं तेव्हा एकोणचाळिसावं वर्ष चालू होतं. मूलबाळ नाही. ज्या माणसानं लिहा-वाचायला शिकवलं, सभेत बोलायला उभं केलं, तोच गेला. पुण्यात येऊन वर्षभर त्या जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. 1908 मध्ये मुंबईत सेवासदन उभं राहिलं, 1909 मध्ये पुण्यात, आणि तिथे किती तरी विधवा शिकून परिचारिका, शिक्षिका झाल्या. 1910 मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. एकीकडे आठवणी लिहिणं आणि दुसरीकडे संस्था चालवणं, ही ती ये-जा. रमाबाई ‘सावरल्या’ म्हणून मोठ्या झाल्या असं कोणी म्हणतं. मला वाटतं, त्या एक वर्ष घरात बसू शकल्या आणि नंतर त्यांना जायला ठिकाण होतं, या दोन्ही सोयी त्यांना मिळाल्या. सगळ्यांना मिळत नाहीत. त्या मिळवून देणं हे आपलं काम आहे.

आपलं गावही शोक करायला कमी पडलेलं नाही. राणी दुर्गावती 24 जून 1564 रोजी इथून जवळच लढता लढता गेली. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1844 सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की दोन टेकड्यांमधल्या त्या एकाकी समाधीवर वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांतले उत्तम खडे निवडून ठेवतात. पावणेतीनशे वर्षांनंतर, ज्यांचा तिच्याशी काही संबंध नाही अशा माणसांनी. 12 फेब्रुवारी 1948 रोजी तिलवारा घाटावर गांधीजींच्या अस्थी नर्मदेत गेल्या, आणि तीनच दिवसांनी, 15 फेब्रुवारीला, नागपूरहून परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात कवयित्री सुभद्राकुमारी चौहान गेल्या. त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी, 27 नोव्हेंबर 1949 रोजी, नगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याचं अनावरण शाळेपासूनची मैत्रीण महादेवी वर्मा यांनी केलं. सुभद्राकुमारींची एक इच्छा महादेवींनीच लिहून ठेवली आहे: आपल्या समाधीभोवती रोज जत्रा भरावी, मुलं खेळावीत, बायकांनी गावं, गोंगाट असावा. मरणानंतरही या बाईला शांतता नको होती, माणसं हवी होती. आपण मात्र शोक असलेल्या घरात पाऊल टाकताच आवाज खाली आणतो आणि तेराव्यानंतर पाऊलही टाकत नाही.

आता जरा जवळचं सांगते. माझे वडील खमरियाच्या कारखान्यात होते. ते गेले तेव्हा आमचं रांझीचं घर भरून गेलं होतं. कारखान्यातले लोक, मराठी मंडळाचे लोक, नागपूर-अमरावतीचे नातेवाईक. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं. चौदाव्या दिवशी सकाळी टेंटवाला दरी आणि खुर्च्या घेऊन गेला. आम्हा भावंडांच्या सुट्या संपत आल्या होत्या. ओट्यावर शेजाऱ्यांचे डबे आणि पातेली धुऊन पालथी घातलेली, प्रत्येकावर नाव कोरलेलं. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आई त्या भांड्यांकडे बघत बसली होती, आणि यांत काय घालून पाठवायचं हे तिला सुचत नव्हतं. आयुष्यभर स्वयंपाकघर चालवलेली बाई. तिला साधी साखर सुचेना.

तेवढ्यात शेजारच्या भाभीजी आल्या. हातात झोळा. बसल्या नाहीत, खुशाली विचारली नाही. म्हणाल्या, ‘चलिए भाभीजी, सब्ज़ी ले आते हैं.’ आई म्हणाली, ‘आज नहीं.’ भाभीजी दारातच उभ्या राहिल्या. ‘तो मैं भी नहीं जाती. फिर हमारे यहाँ भी आलू ही बनेंगे.’ आई उठली, चपला घातल्या. बाजारात पोचल्यावर सवयीनं वडिलांना लागणारी कारली घ्यायला लागली, हात आखडला आणि तिथेच रडली. भाभीजींनी भाजीवाल्याला पैसे दिले आणि दोघी रिक्षा करून परत आल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेल्या. त्या वर्षी आईला जगवलं कोणी, असं मला विचाराल तर आम्हा मुलांच्या रोजच्या फोननं जेवढं जमलं त्याहून जास्त त्या झोळ्यानं.

यातून मी काय शिकले ते थोडक्यात सांगते. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य आपण मनापासून म्हणतो, पण त्यानं काम उलटं दुःखात असलेल्या माणसाच्याच गळ्यात पडतं. त्यानं ओळखायचं काय लागेल, कोणाला सांगायचं, केव्हा सांगायचं. कोणी सांगत नाही. भाभीजींनी विचारलं नाही. त्यांनी काम ठरवलं, वेळ ठरवली आणि दारात उभ्या राहिल्या. आपणही असंच बोलायला शिकू: ‘गुरुवारी दहा वाजता मी बँकेत येतो, कागद काढून ठेवा.’

आणि कागद किती असतात! मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, दाखल्याच्या प्रती काढायच्या असतात. आपल्या गावात तोफगाडी कारखाना, वाहन कारखाना, खमरिया, रेल्वे आणि वीज मंडळ यांतून निवृत्त झालेल्यांची घरं किती आहेत, तुम्हीच मोजा. त्या प्रत्येक घरात कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, जोडखातं, वारस नोंद, गॅसचं कनेक्शन, वीजबिलावरचं नाव. आयुष्यात एकदाही चेकवर सही न केलेली बाई पंचाहत्तराव्या वर्षी रांगेत उभी राहते. आणि मग दर नोव्हेंबरला तिला बँकेत जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. नवरा गेल्यावरचा पहिला नोव्हेंबर, आणि खिडकीतला माणूस तिला जिवंत असल्याचं सिद्ध करायला सांगतो. नियम नाइलाजाचा आहे, मला कळतं. पण त्या दिवशी सोबत एक माणूस हवा. त्याला कायदा यावा लागत नाही. चष्मा आणि पेन विसरता कामा नये, एवढं पुरे.

पुरुषांचं दुःख वेगळ्या ठिकाणी अडतं. बायको गेलेला माणूस कागदांत पटाईत असतो आणि मोहरीचा डबा कुठला ते त्याला ठाऊक नसतं. त्याला आपण दोन महिने जेवायला बोलावतो. मग बोलावणं थांबतं आणि तो बिस्किटं खाऊन राहतो. त्याला ताट वाढू नका, वरणभात शिकवा आणि त्या निमित्तानं तिच्याविषयी बोलू द्या. मुलांशी खरं बोला. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलेलं पोर महिनोन्महिने दाराकडे बघत राहतं. आणि ‘सुटले बिचारे’, ‘देवाला चांगली माणसं लागतात’, ‘तुमचं निदान दुसरं मूल तरी आहे’ ही वाक्यं बोलणाऱ्याच्या सोयीची असतात. त्यापेक्षा गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एखादी आठवण सांगा. आपल्याला भीती वाटते की नाव काढलं तर ते रडतील. ते तसंही रडतच असतात. नाव काढलं की निदान एकटे रडत नाहीत.

एका बाबतीत आपल्या रीतीच शोक वाढवतात, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची आणि जानेवारीत हळदीकुंकवाच्या हॉलच्या दाराशी तिला अडवायचं. म्हणजे ज्या बाईला माणसांची सगळ्यात जास्त गरज, तिलाच माणसांतून उठवायचं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि 17 मे 2022 रोजी महाराष्ट्र शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करण्याचं परिपत्रक काढलं. आपण मध्य प्रदेशात राहतो, ते परिपत्रक आपल्याला लागू नाही. पण आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण लिहायला मुंबईच्या मंत्रालयाची परवानगी कशाला हवी? येत्या संक्रांतीला वाण पहिलं अशा बायकांच्या हातात द्या.

शोक हा आजार नाही. पण काही जणांचा शोक गोठून जातो. महिने लोटले तरी जगणं पुन्हा सुरूच होत नाही, गेलेल्याची ओढ सगळा दिवस व्यापून टाकते, जेवण-झोप-काम काहीच जागेवर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे; अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी मोठ्यांसाठी एक वर्ष धरलं. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक, अनेक भारतीय भाषांत, मोफत. आणि कोणी ‘मलाही जायचंय त्यांच्याकडे’ असं म्हणालं, तर ते बोलणं झटकून टाकू नका. सरळ विचारा, सोबत थांबा आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

‘नंतर’ही सोबत राहण्याचा वैद्यकात एक धडा आहे. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आपल्या देशात मुंबईचं शांती आवेदना सदन 1986चं, आणि आपल्या जबलपुरात विराट हॉस्पिस कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करतं. त्या विद्येचं एक मूळ सूत्र असं, की रुग्ण गेला म्हणून काम संपत नाही. कुटुंबाची देखभाल पुढेही करायची. डॉक्टरांना जे कळलं ते शेजाऱ्यांनाही कळू शकतं.

मग करायचं काय? मी मोठा प्रस्ताव आणलेला नाही. ठराव नको, उपसमिती नको, देणगीपत्रक तर नकोच. परसाईंच्या गावात सांत्वन समितीचा अध्यक्ष निवडायला आपण बसलो, तर स्वर्गातून एक व्यंग्यलेख यायचा. एक वही करा. आपल्या ओळखीतल्या घरी कोणी गेलं की त्या वहीत घराचं नाव आणि सहा तारखा लिहायच्या: चौदावा दिवस, सव्वा महिना, पहिला मोठा सण, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नोव्हेंबर आणि वर्षश्राद्धानंतरचा आठवडा. प्रत्येक तारखेपुढे दोन नावं, एक बाई आणि एक पुरुष. त्यांनी त्या दिवशी जायचं. हार, पेढे, भाषण काही न्यायचं नाही. झोळा न्यायचा, किंवा पेन. अर्धा तास बसायचं, एक काम करून यायचं. तिथे बोललं गेलेलं बाहेर बोलायचं नाही. घरातून ‘नको’ आलं तर मान राखून परत फिरायचं आणि पुढच्या तारखेला पुन्हा जायचं.

पहिल्या सणाविषयी एक शब्द जास्त बोलते. दिवाळीच्या पहाटे सगळीकडे फटाके वाजत असतात आणि एका घरात आकाशकंदील लावायचा की नाही यावर शांतपणे वाद चालू असतो. त्या घरी फराळाचं ताट पाठवून आपण सुटतो. ताट घेऊन स्वतः जा आणि तिथेच बसून थोडं खा. एकट्यानं खाल्लेली चकली घशाखाली उतरत नाही.

ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या घरची मंडळी समोर बसली आहेत. दर वर्षी तुम्ही आम्हाला बोलावता, ऐकता, चहा देता. तुमच्या शोकाला तुम्ही गावाच्या उपयोगाचं रूप दिलंत, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. त्या ऋणाची फेड आणखी एका व्याख्यानानं होणार नाही.

सभागृहात आज शंभरेक माणसं तरी असतील. आपल्यापैकी प्रत्येकाला या महिन्यात कोणाकडे तरी माणूस गेल्याचं ठाऊक आहे. बाहेर चहा ठेवलेला आहे. तो घेताना शेजारच्याला एवढंच विचारा: त्या घरी चौदावा दिवस कधी आहे, आणि आपल्या दोघांपैकी कोण किती वाजता जाणार? उत्तर ठरल्याशिवाय गाडी काढू नका.